जपानी चित्रे, आपले सूर

वाचकहो, संगीताचा इतिहास सांगायचा म्हटले की आपण घराण्यांपासून सुरुवात करतो. ग्वाल्हेर झाले, किराणा झाले, मग नाट्यसंगीत आणि शेवटी जमलेच तर चित्रपटाची गाणी. ज्या संगीताला धड गाणेही म्हणता येत नाही, जे पडद्यावरच्या चित्रामागे नुसते वाजत राहते, त्याची पाळी या यादीत कधी येत नाही. आज त्याच संगीताविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. त्यातही कार्टूनपटांचे संगीत, आणि तेही जपानी कार्टूनपटांचे! 'जपान कुठे आणि यवतमाळ कुठे' असे आपण म्हणाल. पण जरा थांबा. हा प्रवास वाटतो तितका लांबचा नाही.

यवतमाळहून कळंब सोडून वर्धा नदी ओलांडली की थोड्या वेळात सेवाग्राम येते. निचिदात्सु फुजी नावाचे एक जपानी बौद्ध भिक्षू १९३३ साली वर्ध्यास गांधीजींना येऊन भेटले. त्यांच्या पंथाचे लोक हातात पंख्यासारखे चपटे ढोलके धरून त्यावर एका काठीने ठेका देतात आणि त्या ठेक्यावर मंत्र म्हणतात. तो जपानी मंत्र पुढे गांधीजींच्या आश्रमाच्या प्रार्थनेत आला आणि तिथे कायमचा राहिला. ही झाली जपानकडून वऱ्हाडाकडे आलेली वाट. आता उलटी वाट पहा. १९५५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले. त्यांची खंजिरी आपल्याकडे दारव्ह्यापासून उमरखेडपर्यंत कोणत्या गावाला ठाऊक नाही? तेव्हा ढोलके इकडे आले आणि खंजिरी तिकडे गेली. सुरांना पारपत्र लागत नाही, असे म्हणतात ते उगीच नव्हे.

जपानी आणि भारतीय कानांत आणखी एक नाते आहे, ते शास्त्राचे. जपानात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळांतून नवी गाणी शिकवू लागले, तेव्हा एक पाच सुरांचे सप्तक फार चालले. त्याचे नाव 'योनानुकी', म्हणजे चौथा आणि सातवा सूर गाळलेले. आता आपल्या भूप रागात काय असते? मध्यम आणि निषाद वर्ज्य. म्हणजे चौथा आणि सातवाच की! जपानी बालगीत ऐकताना आपल्या माणसाला एकाएकी ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटते, त्याचे एक कारण हे आहे. राग मात्र नुसत्या सुरांच्या यादीने होत नाही, त्याला चलन लागते, हेही खरे. पण घराचा उंबरठा तेवढा सारखा आहे.

अलीकडच्या काळात जपानी कार्टूनपटांच्या संगीताला जगभर जी लोकप्रियता मिळाली, ती मुख्यतः एका जोडीमुळे. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी आणि संगीतकार जो हिसाइशी. १९८४ च्या 'नौसिका' या चित्रपटापासून या दोघांचे काम सुरू झाले. पुढे १९८८ साली 'माय नेबर टोटोरो' आला, २००१ साली 'स्पिरिटेड अवे' आला. या दुसऱ्या चित्राला २००२ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि २००३ मध्ये ऑस्करही मिळाले.

हिसाइशींच्या कामाची एक रीत आपल्याला नवलाची वाटेल. आपल्याकडे चित्रपट पुरा होत आला की संगीतकाराला बोलावतात आणि 'इथे दोन मिनिटे दुःख भरा' असे सांगतात. हिसाइशींनी मात्र कित्येकदा चित्र तयार होण्याआधीच, नुसत्या कल्पनेवर आणि रेखाटनांवर सूर रचले. त्यांची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघायची आणि मग ते सूर चित्रात जायचे. म्हणजे चित्रकार काम करतो आहे तेव्हा त्याच्या कानांत सूर आधीच घुमत असतो. त्यांची मांडणीही साधी. आरंभी एकटा पियानो, चार-सहा सुरांची एक ओळ, मधे पुरेशी विश्रांती. मग हळूच व्हायोलिने येतात, मागाहून सारा वाद्यवृंद उभा राहतो. मोठे संगीत लहान दारातून आत येते. म्हणून लहान मूलही त्याला घाबरत नाही.

आणि या गृहस्थांच्या नावाची गंमत ऐका. यांचे खरे नाव मामोरू फुजिसावा. त्यांना अमेरिकन संगीतकार क्विन्सी जोन्स फार आवडायचे. तेव्हा त्यांनी 'जोन्स'चे 'जो' केले आणि 'क्विन्सी'शी उच्चार जुळेल अशी जपानी अक्षरे निवडून 'हिसाइशी' हे आडनाव घेतले. ज्याच्यापासून शिकलो त्याचे नावच अंगावर घेतले म्हणा ना! २००८ च्या ऑगस्टमध्ये तोक्योच्या बुडोकान सभागृहात याच चित्रपटसंगीताची मैफल झाली, तेव्हा हजाराहून अधिक वादक-गायक मंचावर होते आणि पियानोवर स्वतः हिसाइशी. कार्टूनच्या पार्श्वसंगीताला हा मान. संगीतकाराचे नाव तिथे चित्राइतकेच मोठे.

आता आपल्या घरी येऊ. जपानी कार्टूनपटाच्या संगीतात आपल्याकडचा कोणी माणूस आहे काय? आहे. फक्त त्याचे नाव आपल्याला कोणी नीट सांगितले नाही.

१९८३ साली युगो साको नावाचे जपानी माहितीपटकार भारतात आले. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर त्यांना माहितीपट करायचा होता. त्या निमित्ताने रामायणाची कथा त्यांच्या कानांवर पडली, आणि माणूस त्या कथेत गुंतला. जपानी भाषेत मिळाली तितकी रामायणे त्यांनी वाचून काढली. माणसाने नटून राम व्हावे त्यापेक्षा रेषांनी राम काढावा, असे त्यांच्या मनाने घेतले. आपल्याकडे आधी पुष्कळ शंका निघाल्या. देवाचे कार्टून कसे करायचे, अशी कुरकुर झाली. सरकारी सहकार्यही मिळाले नाही. शेवटी चित्र जपानात तयार झाले. सुमारे साडेचारशे चित्रकार त्यावर खपले. दिग्दर्शनात साको आणि कोइची सासाकी यांच्या जोडीला आपले राम मोहन होते. हे राम मोहन म्हणजे १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग निघाला, तेव्हापासूनचे कलावंत. चित्रपटाचे नाव 'रामायण: द लिजेंड ऑफ प्रिन्स रामा', लांबी दोन तास पंधरा मिनिटे. आणि याचे संगीत केले मुंबईच्या वनराज भाटिया यांनी.

कोण हे वनराज भाटिया? ३१ मे १९२७ रोजी मुंबईत एका कच्छी व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणी ते देवधरांच्या संगीत शाळेत शिकले. देवधर म्हणजे प्रा. बी. आर. देवधर, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. याच शाळेत कुमार गंधर्व घडले. देवधर हे पाश्चात्त्य संगीताकडेही मोकळ्या कानाने पाहणारे गुरुजी होते. वनराजनी त्यांच्याकडे राग ऐकला, आणि किशोरवयात चायकोव्हस्कीचा पियानो ऐकून ते वेडे झाले. डॉ. माणेक भगत यांच्याकडे चार वर्षे पियानो शिकले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून एम.ए. होऊन लंडनच्या रॉयल अकादमीत गेले, तिथून पॅरिसला नादिया बुलांझे यांच्याकडे. विसाव्या शतकातले कितीतरी नामांकित संगीतकार या बाईंच्या हाताखालून गेले आहेत. १९५९ साली भाटिया परत आले ते वाद्यवृंदाची सारी विद्या घेऊन.

पण इथे आल्यावर वाद्यवृंद कुठे होता? पोट तर भरले पाहिजे. त्यांनी जाहिरातींना संगीत दिले, आणि दिले म्हणजे किती, हजारोंनी! लिरिल साबणाच्या जाहिरातीत धबधब्याखाली नाचणाऱ्या मुलीमागची ती धून आपल्याला आठवते ना? ती यांची. मग १९७४ साली श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'पासून चित्रपटांचे काम सुरू झाले. 'मंथन', आपल्या हंसा वाडकरांच्या आत्मकथेवर आधारलेला 'भूमिका', 'जुनून', दूरदर्शनवरचे 'तमस' आणि 'भारत एक खोज', ही सारी यांचीच कामगिरी. 'तमस'साठी त्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

आता खरा अवघड प्रश्न. पियानो आणि राग यांचे जमायचे कसे? पियानोच्या पट्टीवर बोट ठेवले की सूर जिथे बसवला आहे तिथेच वाजतो. त्याला ना मींड, ना आंदोलन. षड्जावरून गंधारावर घसरत जायची सोय नाही. पायरी सोडून पायरीवर उडीच मारावी लागते. आपल्या भजनी मंडळातली पेटी याच जातीची. याच दोषापायी आपल्या आकाशवाणीने १९४० साली पेटीला दाराबाहेर ठेवले होते, हे आजच्या तरुण वाचकांना खरे वाटणार नाही. तीन दशके पेटी बाहेर होती. १९७१ च्या सुमारास तिला पुन्हा आत यायला मिळाले. गावोगावी मात्र या काळात पेटी कधीच थांबली नाही. लोकांनी आपला निवाडा आपणच केला!

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे सामर्थ्य दुसरे आहे. तिथे एका सुराच्या जोडीला त्याच क्षणी दुसरे सूर उभे राहतात आणि त्यांच्या मेळातून रंग बदलतो. आपल्याकडे एकच ओळ, पण ती वळणावळणाने जाणारी. तिकडे ओळी पुष्कळ, एकावर एक रचलेल्या. नुसती रागाची ओळ घेऊन खाली हवे तसे मेळ घातले तर राग गुदमरतो. भाटियांना हे ठाऊक होते, कारण त्यांनी दोन्ही घरांत उमेदवारी केली होती. ओळ मोकळी ठेवायची, खाली षड्ज धरून ठेवायचा, मेळ हात राखून वापरायचा आणि समूहस्वर आला की सारे दार उघडायचे, अशी ही वाट आहे. 'भारत एक खोज'च्या आरंभीचे वेदमंत्र ज्यांनी ऐकले असतील, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

रामायणाच्या चित्रपटात या विद्येला एक मराठी हात मिळाला. मूळ आवृत्तीत संवाद इंग्रजी आणि गीते संस्कृत! ती लिहिली वसंत देव यांनी. देव म्हणजे मराठी नाटके हिंदीत नेणारे साक्षेपी अनुवादक आणि 'सारांश' चित्रपटाच्या गीतांसाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळवणारे कवी. जपानी रेषा, मुंबईचा वाद्यवृंदकार आणि मराठी माणसाची संस्कृत पदे. विसाव्या शतकाच्या अखेरीस संस्कृतात गीते लिहायची, हे कोणाला चमत्कारिक वाटेल. यवतमाळच्या वाचकाला मात्र वाटू नये. वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी लोकमान्यांवरचे महाकाव्य संस्कृतातच लिहिले आणि त्याला १९७३ चे साहित्य अकादमी पारितोषिक लाभले. संस्कृत आपल्या जिल्ह्यात पाहुणी नाही.

या चित्रपटाचे पुढे काय झाले? १९९३ च्या जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. देशातले दिवस तेव्हा फार अशांत होते. चित्रपटगृहांत तो धड पोचलाच नाही. हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा आणि रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज मिळाला, आणि ती आवृत्ती दूरचित्रवाणीवरून घरोघरी गेली. सुट्टीच्या दिवशी मुलांनी ती पुनःपुन्हा पाहिली. ती मुले आज संसारी झाली. चाल अजून गुणगुणतात. पण 'संगीत कोणाचे?' असे विचारा. शंभरातले पाचही सांगतील की नाही, शंका आहे.

त्याहून मोठी गोष्ट अमेरिकेत घडली. तिकडे नवे निवेदन घालून 'प्रिन्स ऑफ लाइट' या नावाने आवृत्ती निघाली, आणि तिच्यात संगीत ॲलन हॉवर्थ यांचे घेतले गेले. म्हणजे राम तोच, रेषा त्याच, समुद्र तोच आणि सेतूही तोच. सूर तेवढे निराळे. पार्श्वसंगीताच्या नशिबाचे हे उदाहरण आहे. घराचा रंग बदलावा तसे ते बदलता येते, आणि पाहणाऱ्याला कळतसुद्धा नाही की इथे कोणाचे वर्षभराचे काम होते.

आपणही यात अगदी सोवळे नाही हो. १९९३ साली दूरदर्शनने 'जंगल बुक' दाखवले, ती मालिकाही जपानीच. मोगलीची ती कथा आपल्या शेजारच्या शिवनीच्या रानातली आणि वैनगंगेच्या काठची. हीच वैनगंगा पुढे आपल्या वर्धेला मिळून प्राणहिता होते. मालिकेला आपण गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचे हिंदी गीत दिले. ते इतके लोकप्रिय झाले की मूळ जपानी शीर्षकगीत कोणते, त्याचा रचणारा कोण, हे आपण कधी विचारले नाही. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता, तेवढे मात्र सगळ्यांना पक्के माहीत!

मागे जाऊन पाहिले तर ही खोड जुनी आहे. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनने एकीचा धडा देणारा एक छोटा कार्टूनपट काढला, 'एक अनेक और एकता'. त्यातल्या चिमण्यांचे गाणे येत नाही असे मूल त्या पिढीत सापडायचे नाही. कल्पना विजया मुळ्ये यांची, संगीत वसंत देसाई यांचे, आणि लहान मुलीचा आवाज होता तो पुढे पार्श्वगायिका झालेल्या साधना सरगम यांचा. तीन ठसठशीत मराठी नावे. पण गाणे राहिले आणि नावे गळून पडली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गोव्याहून आलेल्या वादकांची गोष्ट याहून करुण. अँथनी गोन्साल्विस, सेबास्तियन डिसूझा अशा माणसांनी वाद्यवृंदाच्या एकेका व्हायोलिनचे सूर कागदावर उतरवून दिले, मोठमोठ्या संगीतकारांच्या चाली सजवल्या. पडद्यावरच्या नामावळीत त्यांना क्वचितच जागा मिळाली.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. सूर तर मिळाला ना? बिघडते ते असे. २०१२ साली भाटियांना पद्मश्री मिळाली. आणि २०१९ साली वृत्तपत्रांतून बातमी आली, की नव्वदी ओलांडलेल्या या संगीतकाराला औषधपाण्याची विवंचना आहे, घरातल्या वस्तू विकाव्या लागत आहेत. मग मदतीचे हात पुढे आले. ७ मे २०२१ रोजी ते गेले. ज्याची धून देशातल्या घराघरांत वाजली, त्याचे नाव घराघरांत पोचले असते तर हे दिवस आले असते का? नाव म्हणजे नुसती शोभा नव्हे. नावामागून मान येतो, मानामागून मानधन येते, आणि मागून येणाऱ्या मुलाला 'मलाही हे करता येईल' असा धीर येतो. २०२५ च्या जानेवारीत तो रामायणपट नव्याने स्वच्छ करून देशभर चित्रपटगृहांत आला. जपानचे साको २०१२ मध्ये गेले, राम मोहन २०१९ मध्ये. टाळ्या ऐकायला तिघांपैकी कोणीच उरले नव्हते.

इथे आपल्या आकाशवाणीची एक साधी सवय आठवते. गाणे लावण्यापूर्वी निवेदक शांतपणे सांगतो: गीत अमक्याचे, संगीत तमक्याचे, गायक अमुक. किती वर्षे आपण हे ऐकत आलो! १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाहून थोड्या अधिक काळात छप्पन्न गीते झाली. लाकडी पेटीएवढ्या रेडिओभोवती माणसे दाटीने बसली. वाद्यमेळ बेताचाच असायचा, पण प्रत्येक वेळी नावे सांगितली जायची. म्हणून आज सत्तर वर्षांनंतरही गदिमा आणि बाबूजी ही नावे खेड्यातल्या आजीबाईंच्या तोंडी आहेत. त्याच कथेवरचा जपानी चित्रपट आपल्या मुलांनी पाहिला, त्याचे सूर मुंबईच्या माणसाचे होते, आणि त्याचे नाव मात्र आजीलाही ठाऊक नाही आणि नातवालाही नाही. एकीकडे नावे सांगण्याची सवय होती, दुसरीकडे नामावळी सुरू झाली की चित्र बंद करण्याची सवय.

शेवटी आपल्याच जिल्ह्यातली एक जागा दाखवतो. राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचे गाव आहे. तिथे सीतेचे मंदिर आहे. वनवासात टाकलेली सीता इथे राहिली, लव-कुश इथे वाढले, अशी तिथली आख्यायिका. ते मंदिर शेतकऱ्यांचे नेते शरद जोशी यांच्या पुढाकाराने नीटनेटके झाले. आता रामायणातलीच गोष्ट आठवा. ही दोन मुले रामाच्या यज्ञात येऊन रामायण गातात. सारी सभा तल्लीन होते. राम त्यांना विचारतो, हे काव्य रचले कोणी? मुले कौतुक स्वतःकडे घेत नाहीत. ती वाल्मीकींचे नाव सांगतात.

वाचकहो, रावेरीच्या पोरांनी पाळलेला हा शिष्टाचार यवतमाळ जिल्ह्याने विसरू नये. आपल्या घरातले मूल एखादी चाल गुणगुणत आले, मग ती जपानी पियानोची असो की आपल्या पेटीवरची, तर तिला दाद द्या आणि एवढेच विचारा: "बाळ, हे रचलं कोणी?" त्याला सांगता आले नाही तर दोघे मिळून शोधा. वनराज भाटिया यांच्यासारख्यांचे जे देणे आपण लागतो, ते फेडायला सुरुवात एवढ्या एका प्रश्नापासून करता येईल.